मुद्दाम आणलेली भोवळ

एरवी दवाखान्यात कुणी चक्कर येऊन पडलं की धावपळ उडते. टिल्ट टेबल टेस्टच्या खोलीत मात्र सगळे त्याचीच वाट बघत असतात. रुग्णाची शुद्ध हरपावी आणि ती आपल्या डोळ्यांदेखत हरपावी, यासाठीच ही सगळी मांडामांड!

असं का करावं लागतं? कारण भोवळ मोठी चकवणारी असते. प्रार्थनेच्या रांगेत उभी असलेली मुलगी एकदम पांढरीफटक पडते, कोसळते आणि मिनिटभरात डोळे चोळत उठून बसते. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तिचं बीपी नीट, ईसीजी नीट, रक्तही नीट. तपासायला काही उरलेलंच नसतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधल्या रोझ अ‍ॅन केनी, रिचर्ड सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये यावर एक विलक्षण सरळ उपाय मांडला. भोवळ सापडत नाही ना? मग ती यावी अशी परिस्थिती तयार करा आणि येताना तिला पकडा.

रुग्णाला एका अरुंद टेबलावर झोपवतात. छातीवर आणि गुडघ्यांवर पट्टे, तळव्यांखाली फळी, अंगाला ईसीजीच्या वायरी. बोटाभोवती एक छोटा पट्टा असतो, आणि मला या खोलीतलं सगळ्यात मोठं नवल तोच वाटतो. दंडाला बांधायचा नेहमीचा पट्टा मिनिटाला जेमतेम एक-दोनदा बीपी सांगतो. हा बोटातला पट्टा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचं बीपी सांगतो! यान पेन्याझ या चेक शास्त्रज्ञाची ही १९७३ची कल्पना. धमनी फुगू लागली की पट्टा तेवढाच आवळायचा, ओसरली की तेवढाच सैल करायचा. धमनीचा आकार बदलू न देण्यासाठी पट्ट्याला जेवढा दाब द्यावा लागतो, तोच रक्तदाब. सुईसुद्धा टोचायला नको.

थोडा वेळ शांत पडू दिल्यावर टेबल डोक्याकडून वर उचलतात, ६० ते ७० अंशांपर्यंत. आता तुम्ही विचाराल, एवढं कशाला? माणसाला नुसतं भिंतीशी उभं केलं तर? तर तो कधीच स्थिर उभा राहणार नाही. आपल्या नकळत आपण सारखे पाय बदलत असतो, पोटऱ्या आवळत असतो, आणि प्रत्येक आवळण्याबरोबर पायातलं रक्त वर ढकललं जातं. टेबलावर पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाच्या पोटऱ्यांना हे काम उरत नाही. शिवाय ६० अंशांवरही सरळ उभं राहण्याच्या जवळजवळ ८७ टक्के ओढ रक्तावर पडते. म्हणजे गुरुत्वाकर्षण जवळपास पुरेपूर आणि स्नायूंची मदत फारच थोडी.

टेबल उभं होताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. इमारतीत पाण्याचा दाब कमी झाला की आधी सर्वात वरच्या मजल्याचा नळ कोरडा पडतो. आपल्या शरीरात त्या मजल्यावर मेंदू राहतो. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू खातो २० टक्क्यांच्या आसपास. मग अंथरुणातून उठताना आपण रोज कोसळत का नाही? कारण मानेतल्या धमन्यांच्या भिंतीत दाब मोजणारे चेतातंतू आहेत. दाब ढळल्याची वर्दी ते लगेच देतात आणि एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढू लागते, पाठोपाठ रक्तवाहिन्या आवळतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

टेबलावर बहुतेकांचं असंच होतं. पाच मिनिटं, दहा, पंधरा, काहीच नाही. मग बऱ्याच ठिकाणी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, तेच छातीत कळ आल्यावर हृदयरोगी घेतात ते. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात.

आणि मग एखाद्याच्या बाबतीत ते घडतं. जांभई येते, कपाळावर घाम फुटतो, ओठ पांढरे पडतात. इतका वेळ शर्थीने दाब सांभाळणारी यंत्रणा अचानक उलटी फिरते! आवळायच्या त्या रक्तवाहिन्या सैल सुटतात, धावायचं ते हृदय मंदावतं. कधीकधी ईसीजीच्या पडद्यावर काही सेकंद नुसती सरळ रेषा दिसते. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद तुटला की शुद्ध गेलीच. डोळे उघडेच असतात, हातपाय झटकेही देतात. टेबल तत्काळ आडवं करतात आणि काही क्षणांत नाडी परत येते. “हेच! मला अगदी असंच होतं,” हे रुग्णाचं वाक्य पडद्यावरच्या आकड्यांइतकंच मोलाचं असतं.

यंत्रणा उलटी का फिरते? रिकामं होत चाललेलं हृदय जोराने आवळतं आणि चुकीची वर्दी धाडतं, असं बराच काळ मानलं जाई. पण हृदय प्रत्यारोपण झालेल्या, म्हणजे हृदयाचे मज्जातंतू तुटलेल्या रुग्णांनाही या टेबलावर भोवळ आली आहे. कोडं पुरतं सुटलेलं नाही.

पण निदानाने आयुष्यं बदलतात. हातपायांच्या त्या झटक्यांमुळे फिट्सचा शिक्का बसून वर्षानुवर्षं गोळ्या खाणारे लोक आहेत. त्यांच्या मेंदूत बिघाड नाही, दाब पडतो, हे इथे समोर दिसतं. अर्थात टेबलावर भोवळ आली नाही म्हणून ती नव्हेच, असं म्हणता येत नाही. आणि हृदयाचा आजार नाही ना, हे आधी पाहावंच लागतं. व्यायाम करताना किंवा छातीत धडधडून भोवळ आली तर टाळाटाळ नकोच.

ज्यांना आपली लक्षणं ओळखता येतात, त्यांनी घाम फुटताच पायावर पाय टाकून मांड्या आणि पोट घट्ट आवळावं. पडणं बरेचदा टळतं. आणि शेजारचं कुणी कोसळलंच, तर कांदा, चप्पल शोधत बसू नका. पाणी पाजू नका, आणि मुख्य म्हणजे उचलून खुर्चीत बसवू नका. आडवं निजवा, पाय वर धरा. तंत्रज्ञ टेबल आडवं करतो तेही याचसाठी.