टायमिंग बेल्टची निगा

शेतमाल बाजारात नेणाऱ्या काही वाहनांच्या इंजिनात साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट, असतो. क्रँकशाफ्टच्या दर २ फेऱ्यांस कॅमशाफ्टचा १ फेरा घडवून झडपांची उघडझाप वेळेवर राखणे हे त्याचे कार्य होय. तो तुटल्यास पुष्कळ इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून मोठी हानी होते. आणि तो बहुधा पूर्वसूचना न देताच तुटतो. उष्णता, धूळ व बाहेरून झिरपणारे तेल यांनी त्याचे आयुष्य घटते. वाहन उभे असले तरी रबर जीर्ण होतच असते. यास्तव पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटर वा वर्षे यांपैकी जी मर्यादा आधी भरेल, त्या वेळी पट्टा बदलावा. त्यासोबत ताण देणारी कप्पीही तपासून घ्यावी व तारीख नोंदून ठेवावी. शेतकरी बंधूंनी हे काम सुगीपूर्वीच उरकावे.