दुमडलेले पंख, आढ्याला विमान
लेखमाला : भार आणि आधार – भाग ९

बोअरमधली मोटर वर काढणाऱ्या तिवईचं गणित गेल्या आठवड्यात पाहिलं. तिथे ओझं घटकाभरच लटकतं. मोटर वर आली की बाजूला ठेवायची आणि तिवई पुढच्या मळ्यात न्यायची. आजचं ओझं महिनोन्‌महिने डोक्यावर राहणार आहे आणि त्याच्याखाली ट्रॅक्टर उभा असणार आहे. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या पॅकहाऊसच्या शेडमध्ये पंख दुमडणारं छोटं विमान आढ्याला टांगायचं, असं धरून चालू.

कल्पना वाटते तितकी वेडी नाही. पिंपळगावकरांना विमानं नवी नाहीत. हायवेने नाशिककडे निघालं की ओझर लागतं, आणि तिथे एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे. मिगपासून सुखोईपर्यंतची विमानं तिथे तयार झाली. घरगुती उद्योगाचं म्हणाल, तर अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडायचं ठरलं, तेव्हा सुटं करून क्रेनने खाली उतरवावं लागलं. त्याचे पंख दुमडणारे असते, तरी गच्चीवरून क्रेन काही चुकली नसती.

पंख दुमडण्याची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२५ साली इंग्लंडमध्ये द हॅविलँड कंपनीने ‘मॉथ’ हे विमान आणलं. त्याच्या पंखांचा पसारा सुमारे तीस फूट, पण पंख मागे वळवून अंगालगत घेतले की रुंदी दहा फुटांच्या आसपास यायची. हँगरचं भाडं ज्याला परवडत नाही, त्याने विमान घराशेजारच्या शेडमध्ये ठेवावं हा हिशेब. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला जे उतरवलं, ते ‘पुस मॉथ’ याच घराण्यातलं, आणि त्याचेही पंख दुमडता यायचे. आज हौशी लोक बांधतात त्यातलं नावाजलेलं विमान म्हणजे अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये १९८४ साली जन्मलेलं ‘किटफॉक्स’. पंखाच्या पुढच्या तुळईची पिन काढायची आणि मागच्या तुळईच्या बिजागरीवर पंख शेपटीकडे फिरवायचा. रुंदी आठ फुटांवर येते, म्हणजे ते शटरमधून आत जातं.

पहिला घोळ इथेच होतो. पंख मागे गेले की विमानाचा गुरुत्वमध्यही मागे सरकतो. समजा, विमान ३०० किलोचं आहे आणि दोन्ही पंख मिळून ७० किलोचे. दुमडताना पंखांचं वजन सरासरी २ मीटर मागे जातं. ७० गुणिले २ भागिले ३००, म्हणजे अख्ख्या विमानाचा गुरुत्वमध्य जवळपास ४७ सेंटीमीटर मागे येतो. उघड्या पंखांच्या हिशेबाने टांगायचे पट्टे बांधले, तर जमीन सुटताक्षणी शेपटी खाली बसेल आणि नाक वर जाईल. म्हणून पंख दुमडून, टाकी रिकामी करून, पुढच्या चाकांखाली आणि शेपटीखाली वजनकाटे ठेवून आधी तोल काढायचा. टाकी रिकामी करण्याचं कारण नुसतं वजन नाही. पन्नास लिटर पेट्रोल म्हणजे छत्तीस-सदतीस किलो होतात, पण खाली कधी वेल्डिंगही चालणाऱ्या शेडमध्ये वर पेट्रोल ठेवणं हा शुद्ध आत्मघात आहे.

आता उचलणं. आढ्याला एकच कप्पी बांधून दोर खाली ओढला, तर ३०० किलो तोलून धरायला ३०० किलोचाच ओढा लागतो. कप्पीच्या कडीवर मात्र दोन्ही बाजूंचे मिळून ६०० किलो येतात. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन-दोन चाकांच्या दोन कप्प्या घेऊन दोराचे चार पदर केले, तर घर्षण सोडून ओढा ७५ किलोंवर येतो आणि कडीवरचा भार ३७५ वर. किंमत दोराच्या लांबीत मोजायची: विमान २ मीटर चढवायला ८ मीटर दोर ओढावा लागतो. माझं मत विचाराल तर एक टनी चेन पुलीच घ्यावी. ती सावकाश चालते, पण हात सोडला तरी ओझं जागच्या जागी थांबतं. जीपच्या बंपरवरचं इलेक्ट्रिक विंच स्वस्तात मिळतं म्हणून वर बांधणारे आहेत. ते गाडी चिखलातून ओढण्यासाठी असतं. त्याचा ब्रेक माणसांच्या डोक्यावर ओझं टांगायला केलेला नसतो.

पट्ट्यांचा कोन दुसरी मेख. एका हुकाला दोन पट्टे उभे लोंबत असतील, तर प्रत्येकावर १५० किलो. तेच जमिनीशी ३० अंशांपर्यंत पसरले, की प्रत्येकावर पूर्ण ३०० किलो येतात आणि शिवाय विमानाची बाजू आतल्या बाजूला सुमारे २६० किलोंनी दाबली जाते. पातळ नळ्या आणि कापड यांचा तो देह, चेपायला वेळ लागणार नाही. म्हणून मध्ये लोखंडी आडवा दांडा घालायचा, त्याच्या टोकांपासून पट्टे सरळ खाली सोडायचे आणि ते उत्पादकाने नेमून दिलेल्या जागांनाच अडकवायचे.

टांगायचं कशाला? जुन्या वाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्या तुळईला असायच्या, फळ्यांना नव्हे. शेडमध्ये पत्र्याखालची पर्लिन ही पत्र्यापुरतीच असते. कैचीला टांगायचं तर तिचे तुकडे जिथे मिळतात त्या सांध्यावर, तेही कैची मुळात कोणत्या भारासाठी केली ते इंजिनियरला विचारून. बऱ्याच शेडच्या कैच्या पत्रा आणि वारा एवढाच हिशेब धरून उभ्या असतात. मी तर म्हणेन, कैचीचा नाद सोडावा आणि चार लोखंडी खांबांवर स्वतंत्र गर्डर टाकावा.

त्या खांबांचा आणखी एक उपयोग. विमान वर गेलं की ते साखळीच्या भरवशावर सोडायचं नाही. खांबांमध्ये आडवे पाईप सरकवून विमान त्यांवर टेकवायचं आणि चेन पुलीवरचा ताण काढून घ्यायचा. बाजूंनीही बांधायचं, कारण वळवाचा वारा अर्ध्या उघड्या शेडमध्ये शिरला की लटकतं ओझं हेलकावे घेतं. उंचीचं म्हणाल तर खाली दीड मीटरचं वाहन, वर पावणेदोन-दोन मीटरचं विमान, त्यावर दांडा आणि चेन पुली. तेरा-चौदा फुटांखाली जमणार नाही, आणि ट्रॅक्टर असेल तर याहून जास्त.

पिंपळगावची म्हणून एक खास अडचण आहे. शेडमधली सगळ्यात तापलेली जागा म्हणजे पत्र्याखालची, आणि मे महिन्यात विमान नेमकं तिथेच असणार. विमानाचं कापड, रंग आणि चिकटवलेले सांधे ती धग महिनोन्‌महिने सोसत राहतात. पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवाच. द्राक्षबागेच्या फवारणीसाठी ठेवलेली बोर्डो मिश्रणाची भांडी आणि मोरचुदाची पोतीही त्या शेडमधून आधी हलवावीत. तांब्याचे क्षार ॲल्युमिनियमला खातात, आणि फवारणीच्या हंगामात हात, कपडे, धूळ सगळं निळसर झालेलं असतं.

उतरवताना क्रम उलटा: आधी चेन पुलीवर ताण घ्यायचा, मग पाईप काढायचे, खाली कोणी उभं राहायचं नाही. जमिनीवर आल्यावर पंख उघडून पिना घालायच्या, प्रत्येक पिनेला सेफ्टी क्लिप लावायची आणि दुसऱ्या माणसाकडून ती तपासून घ्यायची. काही विमानांत दुमडताना पंखावरच्या हलत्या पट्ट्यांची जोडणीही सोडावी लागते. तिथे कॉकपिटमधली दांडी हलवून दोन्ही पट्ट्या बरोबर दिशेने हलतात का, हे पाहिल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही.

पुढील भागात : कांदाचाळीच्या कैचीवर वारा नेमका कुठून जोर लावतो?