मोडीतून संग्रहालयात

तोफ गडाच्या बुरुजावर दोनतीनशे वर्षे पडून राहिली तरी तोफच राहते. तलवार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. लढाऊ विमानाचे नशीब निराळे आहे. ते पातळ पत्र्याचे असते, भली मोठी जागा अडवते, आणि त्याच्या धातूला मोडबाजारात तत्काळ गिऱ्हाईक मिळते. त्यामुळे ज्या विमानांनी एके काळी आकाश भरून टाकले, त्यांतलीही बहुतेक पुढे नावापुरतीच उरतात. वापिटी या विमानाचेच पाहा. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती चार वापिटी विमानांवर. इंग्लंडात ही विमाने पाचशेहून अधिक बांधली गेली होती. आज पूर्ण स्वरूपातले वापिटी पाहायचे, तर दिल्लीस पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात जावे लागते.

मग एखादे विमान वाचते ते कशामुळे? कोणी आरंभापासून त्याची किंमत ओळखून ते जपून ठेवतो, असे आपणांस वाटते. वस्तुस्थिती बहुधा तशी नसते. पालमच्याच संग्रहालयात दुसरे एक अवाढव्य विमान आहे. त्याची हकिकत या प्रश्नाचा चांगला उलगडा करते. त्याचे नाव लिबरेटर.

लिबरेटर हे अमेरिकेचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान. २९ डिसेंबर १९३९ रोजी ते प्रथम उडाले. पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ११० फूट, प्रत्येक इंजिन १२०० अश्वशक्तीचे. पंख लांब पण अरुंद असल्याने ते पुष्कळ इंधन घेऊन फार दूरवर जाऊ शके. पोट जमिनीला इतके लागून असे, की बाँब सोडण्याची दारे खाली उघडणे अडचणीचे होते. म्हणून ती दुकानाच्या लोखंडी पडद्याप्रमाणे बाजूंनी वर सरकत. अटलांटिक महासागराच्या मधल्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्यांना विमानांची भीती नव्हती. तेथवर पोचून ती उणीव भरून काढण्यात लांब पल्ल्याच्या लिबरेटरांचा वाटा फार मोठा होता. युद्ध संपेपर्यंत अशी अठरा हजारांवर विमाने बांधून झाली होती. एवढ्या संख्येने दुसरे कोणतेही अमेरिकन लष्करी विमान तयार झालेले नाही.

युद्ध संपले आणि याच संख्येचे ओझे झाले. इंग्रजांना ही विमाने अमेरिकेकडून युद्धकाळच्या उसनवारीच्या करारान्वये मिळाली होती. गरज संपल्यावर ती विकत घ्यावी, परत करावी, नाहीतर निकामी करावी, असा तो व्यवहार. विकत घेण्यास पैसा नव्हता आणि परत घेण्यास अमेरिका उत्सुक नव्हती. तेव्हा हिंदुस्थानातील लिबरेटर कानपूरच्या तळावर आणून उभी केली गेली, आणि पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून हेतुपुरस्सर मोडली गेली. उपकरणे फोडली, पत्र्यांना भोके पाडली, इंजिनांत वाळू घातली. अशी शेकडो एक नव्हे, तरी डझनावारी विमाने पावसापाण्यात तशीच सोडून देण्यात आली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच काश्मीरचे युद्ध उभे राहिले. नव्या देशाला लांब पल्ल्याची मोठी विमाने हवी होती, आणि नवी विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा लक्ष कानपूरच्या त्या मोडीकडे गेले. काम बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे सोपवण्यात आले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने तो कारखाना काढला. युद्धकाळात तो सरकारच्या ताब्यात गेला, आणि अमेरिकन विमाने दुरुस्त करण्याचे मोठे केंद्र बनला. म्हणजे लिबरेटर उघडून पाहिलेले हात या देशात आधीच तयार होते. हे नसते, तर कानपूरची मोड ही मोडच राहिली असती.

कारागिरांनी एका विमानाचा भाग दुसऱ्यास, दुसऱ्याचा तिसऱ्यास लावला, आणि उडण्यापुरती डागडुजी करून विमाने कानपूरहून बंगलोरला हवेतूनच नेली. तेथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळिसाच्या आसपास विमाने पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन या विमानांवर उभारली गेली. १९५१ साली पुण्याच्या लोहगाव तळावर सहावी स्क्वाड्रन लिबरेटरांसह नव्याने सुरू झाली, आणि समुद्रावर दूरवर गस्त घालण्याचे काम तिच्याकडे आले. ज्यांना पुन्हा उडता येऊ नये म्हणून मोडले, ती विमाने वीस वर्षे उडत राहिली. १९६८ च्या अखेरीस त्यांना निवृत्त केले, तेव्हा जगात दुसऱ्या कोणत्याही हवाई दलात लिबरेटर उरले नव्हते.

येथे खरा मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. वस्तू जुनी होते, पण लगेच दुर्मिळ ठरत नाही. जुनी आणि दुर्मिळ यांमध्ये एक वाईट काळ असतो. त्या काळात ती कोणाच्या उपयोगाची नसते, आणि कोणाला प्रियही नसते. बहुतेक वस्तू या काळातच नाहीशा होतात. अमेरिकेने आपली हजारो लिबरेटर याच काळात वितळवून टाकली. आपण ती जपली, असे म्हणणे खरे नव्हे. आपण ती वापरली, आणि त्या वापरामुळे तो वाईट काळ ती ओलांडून गेली. १९६८ उजाडेपर्यंत जगात विमानसंग्रहालये उभी राहू लागली होती, आणि त्यांना लिबरेटर मिळण्याचे ठिकाण भारत हेच होते.

एक विमान १९६८ साली कॅनडास उडवत नेण्यात आले. त्याच्या बदल्यात कॅनडाने आपल्याला लायसँडर जातीचे विमान दिले. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत आपले वैमानिक लायसँडर घेऊनच लढले होते. १९६९ साली दुसरे लिबरेटर अमेरिकेतील टुसॉन शहरी गेले. १९७४ साली एक इंग्लंडच्या हवाई दल संग्रहालयास देण्यात आले. आणखी दोन निरनिराळ्या मार्गांनी अमेरिकेतील संग्राहकांकडे पोचली, आणि त्यांतील एक तर पुन्हा दुरुस्त होऊन १९८९ साली उडाले. एक पालमला राहिले. अठरा हजारांतून आज पूर्ण स्वरूपात उरलेली लिबरेटर फार तर डझन-दीड डझन असतील. त्यांपैकी सहा या आपल्या मोडीतून उठलेली आहेत.

आता जपणुकीचे काम उरते, आणि ते दुरुस्तीहून सोपे नाही. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण दोन पत्रे जेथे रिव्हेटांनी जोडलेले असतात तेथे ओल शिरते, पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून पोखरला जातो. ऊन रबर तडकवते. पोकळ भागांत पक्षी घरटी करतात, आणि त्यांची विष्ठा धातूला खाते. म्हणून छप्पर, कोरडी हवा आणि वेळच्या वेळी तपासणी या तीन गोष्टींना पर्याय नाही.

आणि आणखी एक गोष्ट जपावी लागते, ती म्हणजे हकिकत. परदेशी गेलेल्या या विमानांवर बहुतेक ठिकाणी तेथील युद्धकाळचे रंग आणि चिन्हे चढवलेली आहेत. त्यात त्यांचे चुकले असे नाही, कारण आपापले हुतात्मे प्रत्येकाला आठवायचे असतात. तथापि त्या रंगाखाली कानपूर आणि बंगलोर झाकले जातात. तीन-चार वर्षांचे युद्ध दिसते, आणि वीस वर्षांची सेवा दिसत नाही. भारतीय चक्र मिरवणारे पालमचे विमान म्हणूनच मोलाचे आहे. त्याच्यासमोर मुलांना नेल्यावर त्याने किती बाँब टाकले असते एवढेच सांगून थांबू नये. निकामी ठरवलेले यंत्र ज्या नाव नसलेल्या कारागिरांनी आपल्या हातांनी पुन्हा आकाशात नेले, त्यांची आठवणही अवश्य सांगावी.