चाकणची पहिली पाळी

सकाळी 6.40. चाकण एमआयडीसीतल्या एका वेल्डिंग शॉपचं गेट. काका राजगुरुनगरहून शेअर जीपने येतात, 30 रुपये देऊन. ताई जवळच खोली घेऊन राहते, चालत येते. दोघंही ठेकेदाराकडची. कापून-बिपून हातात 17 हजार. काकांची वीस वर्षं हातवेल्डिंगमध्ये गेली. ताई आयटीआय करून थेट रोबोवरच आली.

7.00. दोघांचे वेल्डिंग सेल शेजारी शेजारी, जाळीआडचे रोबोही एकसारखे. समोर फिरतं टेबल. अलीकडच्या फिक्स्चरमध्ये ब्रॅकेटचे तीन तुकडे बसवायचे, क्लॅम्प आवळायचे, मागे सरायचं आणि दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची. पलीकडे रोबो आधीचा जॉब जोडत असतो. त्याला 48 सेकंद लागतात. तोवर भरून झालं नाही की पिवळा दिवा. टार्गेट 480 नग. नग दोन किलोचा, म्हणजे पाळीला साडेनऊशे किलोंवर लोखंड हातून जातं.

8.30. ताईची लय लागलीय. तुकडा, तुकडा, तुकडा, क्लॅम्प, बटण. खांदे सैल. "इथं कुणी डोक्यावर उभं नसतं," ती म्हणते.

काका प्रत्येक नग उजेडात धरून बघतात. वेल्डिंग चांगलंच असतं. तरी बघतात, मागे पडतात, पिवळा दिवा लागतो. पूर्वी समोर हेल्पर असायचा, गप्पा मारत काम व्हायचं. आता मध्ये जाळी, आणि आवाजात शेजारचंही ऐकू येत नाही. काका मान चोळतात.

10.00. दहा मिनिटं चहा. काका अखंड बोलतात. ताई कोपऱ्यात एकटी, निवांत.

11.20. ताईचा रोबो मध्येच थांबतो. लाल दिवा. वायर टिपलाच चिकटलीय. बोर्डावरचा आकडा 262 वर अडकतो. सुपरवायझर येतो, सेटर येतो. दोघांचा प्रश्न एकच, "काय केलंस?" तिने काहीच केलेलं नाही. तिचे हात थरथरतात.

काका आपला सेल सोडून येतात. "टिप गेलीय पोरी, तुझं काही नाही." सेटर रोबो हाताने चालवायचा पेंडंट घेऊन आत जातो. टीच मोडमध्ये रोबो सेकंदाला 250 मिलिमीटरपेक्षा वेगाने हलत नाही, म्हणून जवळ जाता येतं. काका बाहेरून पाना देतात, पक्कड देतात, जुने किस्से सांगतात. सकाळपासून आवळलेला त्यांचा चेहरा मोकळा झालाय.

चौदा मिनिटं गेली. ताईच्या हिशेबात सतरा नग.

1.00. ताईचा डबा अर्धा तसाच. काका दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मागतात.

2.10. वायरचं 15 किलोचं रीळ संपतं. काका सुपरवायझरला म्हणतात, "साहेब, दोन्ही सेलचं रीळ, टिप, नोझल मी बघतो. तेवढ्यात हिने माझं फिक्स्चर भरावं." तो विचार करतो. तक्त्यात एका सेलला एक माणूस आहे. शेवटी म्हणतो, "आजच्यापुरतं." मला वाटतं, हे तक्त्यातच यायला हवं. सेल वाटताना सर्टिफिकेट बघतात. लाल दिव्याला कोण दचकतं, एकटं कुणाला करमत नाही, हे कुणी विचारत नाही.

3.30. ताई 463, काका 455. दुसऱ्या पाळीचा एक जण आलेला नाही. दोन तास ओव्हरटाइम, दुप्पट दराने. ताई थांबते. काका तिला सांगतात, नोझल आत्ताच साफ केलंय, सहापर्यंत बघायला नको. मग ते पैसे सोडून जीप गाठायला निघतात.