जन्मसालाची गिटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वतःच्या जन्मवर्षी घडलेले वाद्य हाती असावे, ही हौस गिटारवादकांमध्ये जुनी असून, त्या हौसेला 'व्हिंटेज' हा शब्द चिकटल्यापासून तिच्याभोवती बरेच गैरसमजही जमा झाले आहेत. या शब्दाचा मूळ संबंध द्राक्षांशी आहे. एखाद्या वर्षीचा द्राक्षांचा हंगाम आणि त्या हंगामाची वाइन, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि प्रत्येक हंगाम उत्तम असतो असे द्राक्षबागाइतदारांनीही कधी मानले नाही. भारतात २०२१ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' ठरते आणि १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. गिटारीसाठी मात्र अशी कोणतीही कायदेशीर व्याख्या नसल्याने विक्रेता म्हणेल ती व्हिंटेज, अशी स्थिती आहे. उदाहरणादाखल १९७८ साली जन्मलेला, मर्यादित पैसे बाळगून असलेला पनवेलमधील एखादा वादक डोळ्यांसमोर ठेवला, तर यांतील बहुतेक समजांची तपासणी करता येते.

गिटारीवरचा क्रमांक पाहिला की साल कळते, हा त्यांतील सर्वांत रूढ समज. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीपुरता तो खरा आहे, कारण १८९८ पासून तिचे क्रमांक अखंड वाढत गेले आहेत आणि प्रत्येक वर्षाचा शेवटचा क्रमांक कंपनीने प्रसिद्ध केलेला आहे. गिब्सनची गोष्ट वेगळी असून, तिने १९७० ते १९७५ या काळात वापरलेले सहा आकडी क्रमांक आधीच्या दशकातील क्रमांकांशी सर्रास जुळतात, त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबणारा ग्राहक सत्तरच्या दशकातील गिटारीला साठच्या दशकाचा भाव देऊन बसतो. १९७७ पासून तिथे आठ आकडी पद्धत आली. तीत पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, आणि दुसरा ते चौथा मिळून वर्षातील कितवा दिवस, हे कळते. म्हणजे ७११५८१२३ हा क्रमांक १९७८ च्या एकशेपंधराव्या दिवसाचा, अर्थात २५ एप्रिलचा होय. नुसते वर्षच नव्हे तर वाढदिवसही जुळवू पाहणाऱ्यास याहून सोयीची पद्धत मिळणार नाही. जपानच्या इबानेझने १९७५ च्या सुमारास महिन्यासाठी 'ए' ते 'एल' यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे, अशी पद्धत धरली, तीही वाचायला सोपी आहे. फेंडरचे क्रमांक मात्र सैल आहेत: 'एस' हे अक्षर सत्तरच्या आणि 'ई' हे ऐंशीच्या दशकाचे खरे, परंतु 'ई ४' ने सुरू होणारे क्रमांक १९८४ नंतरही काही वर्षे लागत राहिले.

वस्तुस्थिती अशी की गिटारीला एक जन्मतारीख नसते; तिच्या प्रत्येक भागाला आपापली तारीख असते. फेंडरच्या गिटारीची मान, म्हणजे सतारीच्या भाषेतील दांडी, स्क्रूने जोडलेली असते आणि ती उघडल्यावर तिच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख अनेकदा सापडते, पण ती मान तयार झाल्याची तारीख असते, गिटार जुळवल्याची नव्हे. आवाज आणि सूर-छटा कमीजास्त करणाऱ्या गोल नियंत्रकांवर, ज्यांना दुरुस्ती करणारे 'पॉट' म्हणतात, निर्मात्याचा सांकेतिक आकडा आणि त्यापुढे वर्ष व आठवडा कोरलेला असतो: १३७ हा सीटीएस या कंपनीचा, ३०४ हा स्टॅकपोलचा, आणि त्यापुढे ७८१५ असेल तर १९७८ चा पंधरावा आठवडा. हा आकडा गिटारीचे साल सांगत नाही. त्याआधी ती जुळवलेली नसणार, एवढेच सांगतो. फेंडरने १९६६ मध्ये असे पॉट एवढ्या मोठ्या प्रमाणात घेऊन ठेवले की ते पुढील काही वर्षांच्या गिटारींत लागत राहिले. शिवाय सोल्डर नव्याने केलेले दिसले, तर पॉट मागाहून बदललेला असण्याची शंका घ्यावी लागते. म्हणून जन्मसाल एक वर्ष अलीकडे-पलीकडे गेले तरी चालेल असे आधीच ठरवणारा ग्राहक शहाणा म्हणावा, कारण तीन वर्षांच्या पट्ट्यात त्याला तिप्पट गिटारी पाहायला मिळतात आणि घासाघीस करण्याचे बळही राहते.

जुने लाकूड अधिक गोड वाजते, हा समज महाराष्ट्रात रुजायला कारणही आहे, कारण मिरजेचा जुना तंबोरा जपून वापरणारी घराणी आपल्याकडे आहेत. तंबोरा मुरतो, तशी गिटारही मुरते असे गृहीत धरले जाते. परंतु क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा नामवंत व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा जुनी इटालियन आणि सहा नवी व्हायोलिने वाजवायला दिली, तेव्हा दहापैकी सहा जणांनी नवे वाद्य पसंत केले. गिटारीच्या बाबतीत इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये, फक्त पाठीचे आणि कडांचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी बावन्न वादकांच्या हाती न दाखवता दिल्या, आणि लाकडामुळे पडणारा फरक त्यांना जवळजवळ ओळखता आला नाही. त्या सहांत दुर्मीळ ब्राझिली रोझवूड होते, तसे भारतीय रोझवूडही होते, म्हणजेच आपल्या सह्याद्रीच्या जंगलात वाढणारा शिसव. मार्टिनने १९६९ च्या अखेरीस ब्राझिली लाकूड सोडून शिसव वापरायला सुरुवात केली, त्यामुळे आपल्या काल्पनिक पनवेलकराच्या जन्मवर्षीच्या रोझवुडी मार्टिनची पाठ बहुधा भारतीय लाकडाचीच असते. सातासमुद्रापलीकडची म्हणून जिचे कौतुक होते, त्या गिटारीचा अर्धा देह इथला निघावा, हे गमतीचे आहे. वन्य प्रजातींच्या व्यापारावरील सायटीस करारात ब्राझिली रोझवूड १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. शिसवासह साऱ्या रोझवूड प्रजातींवर २०१७ मध्ये निर्बंध आले, पण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यांतून सूट मिळाली. ब्राझिली लाकडाला ती सूट नाही.

किंमत वयावर ठरते, हा समज खिशाला सर्वांत महाग पडतो. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएसच्या ताब्यात गेली, गिब्सनच्या मूळ कंपनीची मालकी १९६९ मध्ये बदलली, आणि त्यानंतरच्या उत्पादनाविषयी संग्राहक नेहमीच नाराज राहिले. म्हणून १९५९ ची गिटार आणि १९७८ ची गिटार यांच्या भावात वयाच्या फरकापेक्षा कितीतरी अधिक अंतर आहे. भाव ठरतो तो मागणीवर आणि मूळपणावर. पुन्हा रंगवलेल्या गिटारीची किंमत साधारणपणे निम्म्यावर येते, असा बाजाराचा ठोकताळा आहे, आणि इथेच कमी पैसेवाल्याची संधी असते: रंग बदललेला, खुंट्या नव्या, पडदे म्हणजे फ्रेट नव्याने बसवलेले, पण मान सरळ आणि पेटी शाबूत, अशी गिटार संग्राहक नाकारतो आणि वादकाला ती आयुष्यभर पुरते.

जपानी गिटारींबाबतही एक दंतकथा प्रचलित आहे. सत्तरच्या दशकातील कोणतीही जपानी नक्कल 'खटल्यातली गिटार' म्हणून चढ्या भावाने विकली जाते. प्रत्यक्षात १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकी वितरकावर एकच दावा लावला, तो मानेच्या टोकाच्या आकारापुरता होता, आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. बाकीच्या जपानी कंपन्यांचा त्या खटल्याशी संबंध नाही, म्हणून त्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. यामाहाच्या १९६६ मध्ये आलेल्या एफजी मालिकेतील जुन्या गिटारी त्यामानाने स्वस्त असतात, कारण त्यांपैकी अनेकांची वरची फळी प्लायची आहे. आत 'निप्पॉन गक्की' हे नाव असल्यास ती १९८७ पूर्वीची असण्याचा संभव मोठा, कारण त्या वर्षी कंपनीने यामाहा हे नाव घेतले. प्लाय हा दोष मानला जातो, पण दमट हवेत अखंड फळीपेक्षा प्लाय कमी हलते, ही गोष्ट पनवेलसारख्या गावी विसरून चालत नाही.

परदेशातून मागवले की स्वस्त पडते, असेही अनेकांना वाटते. न्हावाशेवा बंदर पनवेलला कितीही जवळ असले, तरी परकीय व्यापार धोरणानुसार यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू वगळता इतर वापरलेला माल निर्बंधित वर्गात मोडतो आणि त्याच्या आयातीस परवाना लागतो. त्यामुळे पार्सलने आलेली जुनी गिटार सीमाशुल्कात अडकणे हा अपघात नव्हे, तो नियमच आहे. १९९१ पूर्वी तर आयातच परवान्यांनी जखडलेली होती, म्हणून त्या काळातील परदेशी गिटारी आपल्याकडे आल्या त्या मुख्यतः खलाशी, परदेशी नोकरदार आणि वादक यांच्या सामानातून. त्यांचा शोध हार्बर लोकलने शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन धोबीतलावच्या परिसरात घ्यावा, कारण गोव्याच्या वादकांची वस्ती आणि फुर्ताडोसारखे १८६५ पासूनचे वाद्यांचे दुकान त्याच भागातले. त्या काळात बहुसंख्य भारतीय शिकले ते देशी गिटारींवर, ज्यांत कोलकात्याच्या 'गिवसन'चे नाव सर्वांत परिचित आहे. अशा गिटारीचे साल क्रमांकापेक्षा जुन्या पावतीवरून किंवा घरातल्या छायाचित्रावरून अधिक खात्रीने ठरते. तिला पुनर्विक्रीचे मोल फारसे नसते, पण जन्मसालाची हौस भागवायला याहून प्रामाणिक आणि स्वस्त मार्ग नाही.

शेवटचा समज असा की चांगली दिसणारी गिटार दुरुस्ती मागत नाही. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर ते ऐंशी किलोच्या घरात असतो आणि तो चार-पाच दशके सहन केल्यावर मान पुढे झुकते, घोडीमागची फळी फुगते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. मार्टिनच्या १९८५ पूर्वीच्या गिटारींत मान किल्लीने सरळ करण्याचा दांडा नाही, त्यामुळे तिथे मान उतरवून पुन्हा बसवण्याचा मोठा खर्च उद्भवू शकतो. म्हणून ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढूनच भाव विचारावा. लाकडी गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि कोकणात पावसाळ्यात ती कित्येक आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते. मेमध्ये तारा नीट बसलेली गिटार ऑगस्टमध्ये फळी फुगून वाजेनाशी होऊ शकते, तेव्हा उन्हाळ्यात घेतलेल्या जुन्या गिटारीची अंतिम जुळवणी कारागिराकडून पहिला पावसाळा पाहिल्यावरच करून घ्यावी आणि तोवर ती भिंतीला न टांगता, सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटीत बंद ठेवावी.