बकेट वर, धोका खाली

पावसाळ्याच्या तोंडावर वसई-विरारमध्ये फांद्या छाटायला बकेटवाली गाडी येते, तेव्हा बघ्यांची नजर वरच्या माणसावर खिळते. ती आधी गाडीच्या टेकूंकडे जायला हवी. गणित साधं आहे. दोन टेकूंत 2 मीटर अंतर असेल आणि त्यातला एक 5 सेंटिमीटर खचला, तर 15 मीटर उंचीवरची बकेट सुमारे 37 सेंटिमीटर बाजूला सरकते. भारही त्याच बाजूला झुकतो, म्हणजे खचलेला टेकू आणखी दबतो. वसईची खाडी आणि वैतरणा यांच्यामधल्या या सखल पट्ट्यात भरावाची जमीन आणि नुकते बुजवलेले चर पाहता टेकूखालची जाड फळी ही चैन नव्हे.

पट्टा बांधलाय की, असं कोणी म्हणेल. पण तो बकेटलाच अडकवलेला. गाडी उलटली तर माणूसही तिच्याबरोबर जाणार. तरी तो हवाच, कारण चाक खड्ड्यात आदळलं की लांब दांड्याच्या टोकाला गोफणीसारखा हिसका बसतो आणि माणूस कठड्याबाहेर फेकला जातो. मग शिडीच बरी? छे, तिथे तर एक हात धरण्यातच अडकतो. ‘बकेट फायबरची आहे’ हा दिलासाही अर्धाच: फायबर जमिनीपासून तोडतं, पण हातातली ओली फांदी एका तारेला आणि खांदा दुसरीला लागला तर ते काय करणार? रेल्वेच्या 25,000 व्होल्टच्या तारेला तर स्पर्शही लागत नाही. फार जवळ गेलं की ठिणगीच उडी मारते. आणि लाइन बंद केली तरी अर्थिंग टाळता येत नाही, कारण एखाद्या सोसायटीचा चुकीचा जोडलेला जनरेटर त्याच तारेत उलटी वीज सोडू शकतो.