मोजपट्टीमागचे तत्त्वज्ञान

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक विधान हमखास आढळते : १८७९ साली विल्हेल्म वुण्ट यांनी लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा स्थापन केली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून विभक्त झाले. विद्यार्थी हे विधान पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्याचे गुणही त्यांना मिळतात. वस्तुतः ही फारकत ज्यांच्या नावावर मांडली जाते ते वुण्ट त्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते. आपल्या प्रयोगशाळेतील संशोधन प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी जे नियतकालिक काढले, त्याच्या नावाचा अर्थही ‘तात्त्विक अभ्यास’ असाच होता. पुढे १९१३ साली ही दोन शास्त्रे वेगळी करण्याची भाषा जर्मनीत जोर धरू लागली, तेव्हा वुण्ट यांनी पुस्तिका लिहून तिला विरोध केला. तत्त्वज्ञानापासून तुटलेला मानसशास्त्रज्ञ केवळ कारागीर ठरेल, ही त्यांची भीती होती.

ही भीती कितपत खरी ठरली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७८६ साली इमॅन्युएल कांट यांनी असा निर्णय दिला होता की, मनाचे शास्त्र खऱ्या अर्थाने शास्त्र होऊच शकणार नाही. कारण गणिताशिवाय शास्त्र नाही, आणि मनोव्यापारांना तर काळाखेरीज दुसरे परिमाणच नाही. शिवाय मनाचे निरीक्षण करू गेले की निरीक्षणानेच मन बदलते. पुढे १८०९ साली क्यॉनिग्जबर्ग येथे कांट यांच्याच अध्यासनावर आलेल्या हेर्बार्ट यांनी याला उत्तर शोधले. कल्पनांना काळाबरोबर तीव्रताही असते, तेव्हा गणिताला तेथे वाव आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी समीकरणे मांडली. परंतु मोजमापाचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

ते साधन फेश्नर यांनी दिले. मन आणि जड हे एकाच सत्याचे दोन पैलू आहेत, अशी या भौतिकशास्त्रज्ञाची श्रद्धा होती. या दोहोंमधील नाते गणिताने मांडता येईल, ही कल्पना त्यांना २२ ऑक्टोबर १८५० रोजी सकाळी अंथरुणातच सुचली. वेबर यांच्या प्रयोगांवरून एवढे ठाऊक होते की, हातातील वजन जितके अधिक, तितकी त्यात भरही अधिक घालावी लागते. तेव्हाच फरक जाणवतो. या आधारावर फेश्नर यांनी १८६० साली मनोभौतिकीचा ग्रंथ सिद्ध केला. आधुनिक प्रायोगिक मानसशास्त्राची पहिली मोजपट्टी ही अशी एका तात्त्विक श्रद्धेच्या पोटी जन्मली.

इंग्लंडमध्ये हाच प्रवास निराळ्या वाटेने झाला. सुख आणि दुःख हेच माणसाचे दोन धनी असून त्यांची बेरीज-वजाबाकी शक्य आहे, हा विचार बेंथॅम यांनी १७८९ साली मांडला. घटत्या उपयोगितेचा जो नियम अर्थशास्त्राच्या वर्गात आजही शिकवला जातो, त्याचे मूळ याच विचारात आहे. १८८१ साली एजवर्थ यांनी तर सुखाची क्षणोक्षणी नोंद घेणाऱ्या यंत्राची कल्पना केली. ते यंत्र कधी तयार झाले नाही. मात्र मनाला आकडा लावता येतो हा विश्वास दृढ झाला.

आकड्यामागचे गृहीतक विसरले की काय घडते, याचा दाखला बुद्धिमापनाच्या इतिहासात आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनी पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य करण्यासाठी. बुद्धी ही जन्मजात आणि कायम ठरलेली राशी आहे, या मताचा बिने यांनी १९०९ साली स्पष्ट निषेध केला होता. परंतु ही श्रेणी अमेरिकेत पोचली तेव्हा श्रेणी तेवढी उचलली गेली आणि इशारा मागे राहिला. आनुवंशिकतेच्या तत्त्वज्ञानाने त्याची जागा घेतली. १९२७ साली बक विरुद्ध बेल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या एका तरुणीची सक्तीने शस्त्रक्रिया करून तिला मातृत्वाला कायमचे मुकवणारा कायदा वैध ठरवला. तिच्याविरुद्धच्या पुराव्यात बिने यांच्या श्रेणीवरील मानसिक वयाचा आकडा होता. ती मंदबुद्धी नव्हतीच, असे पुढील संशोधकांना आढळले. त्या शतकात अमेरिकेत अशा साठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

याचा अर्थ मोजमापच टाकून द्यावे असा नव्हे. मोजपट्टी नसेल तर शिक्षकाची मर्जी आणि मुलाची जात वा घराणे हीच मोजपट्टी होते. ती अधिक अन्यायकारक असते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात बिने यांच्या चाचण्या मराठी व कन्नड मुलांसाठी परिश्रमपूर्वक नव्याने बसवल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे महत्त्व यातच आहे की, परक्या भूमीवरची पट्टी इथल्या मुलाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे त्यात कृतीने मान्य केले आहे.

आज महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षेपासून नोकरभरतीपर्यंत बुद्धिमत्तेच्या चाचण्या सर्वपरिचित आहेत. त्यांचा निकाल गुणपत्रिकेवर येतो. चाचणीमागचे गृहीतक मात्र तेथे छापलेले नसते. नेमके काय मोजले, कशाला समान मानले आणि काय सोडून दिले, हे प्रश्न गणिताने सुटणारे नाहीत. कांट यांनी उपस्थित केलेली शंका प्रयोगशाळांनी मागे टाकली, पण ती निकालात निघालेली नाही. गुणपत्रिकेवर सही करणाऱ्या शिक्षकाने आणि तीवरून उमेदवार निवडणाऱ्या अधिकाऱ्याने ती शंका मनात जागी ठेवली, तर आकडा साहाय्यक राहील. ती विसरली गेली, तर आकडाच न्यायाधीश होऊन बसेल. आणि अशा न्यायाधीशाच्या निवाड्यावर अपील कोठे करावयाचे, हे त्या मुलाला कोणीच सांगू शकणार नाही.